पंखाची शीर, पावलाची पेरे : सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाश्यांच्या ओळखीविषयी

ट्रायकोकार्ड महाराष्ट्रातल्या ऊस आणि कापूस उत्पादकांना नवे नाही. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर कॉर्सिरा या धान्यातल्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि ती काळी पडलेली असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांना टाचल्या की त्या काळ्या अंड्यांतून अर्ध्या मिलिमीटरची माशी बाहेर येते आणि खोडकिड्याची किंवा बोंडअळीची अंडी शोधत फिरते. कार्डावर नाव छापलेले असते : ट्रायकोग्रामा किलोनिस, नाहीतर ट्रायकोग्रामा जापोनिकम. छापलेले नाव आणि आत असलेला जीव एकच आहे ना, हे मात्र विकणारा सांगू शकत नाही, घेणारा तर नाहीच. ते सांगायचे कसे, कुठल्या अवयवाकडे आधी पाहायचे आणि कुठे फसायला होते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

ट्रायकोग्रामा हा एका अफाट पसाऱ्याचा प्रसिद्ध प्रतिनिधी. मुंग्या आणि मधमाश्या ज्या गणात मोडतात, त्याच गणातल्या असंख्य गांधीलमाश्यांनी जगण्याची एक वेगळी रीत पत्करली आहे. मादी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत, कोषात किंवा अंगावर आपले अंडे घालते. त्यातून निघालेली अळी यजमानाला खाऊन वाढते आणि शेवटी मारते. उवा किंवा जंत यजमानाला सहसा जिवंत ठेवतात, ही माशी ठेवत नाही. शेतीला तिचा उपयोग होतो तो यामुळेच.

या माश्यांतले सर्वांत गुंतागुंतीचे अधिकुल म्हणजे चाल्सिडॉइडिया. त्यातल्या बावीस हजारांहून अधिक जातींना आजवर नावे मिळाली आहेत. प्रत्यक्षात त्या पाच लाखांपर्यंत असाव्यात असाही अंदाज केला जातो. लहानपणाचे विक्रमही यांच्याच नावावर आहेत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमधून वर्णन झालेल्या डायकोपोमॉर्फा एकमेप्टेरिजिस या जातीचा नर ०.१३९ मिलिमीटर इतका लहान असू शकतो. त्याला पंख नाहीत, डोळेही नाहीत. फुलकिड्यांच्या अंड्यांत वाढणाऱ्या मेगाफ्राग्माची लांबी ०.२ मिलिमीटर. तिच्या मेंदूत प्रौढपणी उरणाऱ्या बहुतेक चेतापेशींना केंद्रकच नसते, असे रशियन कीटकशास्त्रज्ञ अलेक्सेई पोलिलोव्ह यांनी दाखवले. तरीही ती उडते, यजमान शोधते आणि अंडी घालते.

मराठी वाचकाला यांची गाठ घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. पिकत आलेले उंबर फोडावे. आत जे काळपट, पंख असलेले किडे वळवळतात त्या बहुतांशी सेरॅटोसोलेन या अंजीर-गांधीलमाशीच्या माद्या, आणि पिवळट, बिनपंखी दिसतात ते नर. उंबराचे परागण या माद्या करतात. पण त्याच फळात आणखीही जाती वाढत असतात. त्यांतल्या अपोक्रिप्टासारख्या माद्या आत शिरतच नाहीत. फळावर बसून लांब अंडनिक्षेपक सालीतून आरपार घालतात आणि आतल्या दुसऱ्या माशीच्या अळ्यांचा बळी घेतात. परागण करणारी, फुकट राहणारी आणि इतरांना मारून जगणारी, अशा तिघी एका उंबरात सापडतात आणि नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांना वेगळे करायचे तर शरीररचनाच पाहावी लागते.

ती पाहताना नवख्या माणसाने रंग आणि आकार हे दोन मोह आधी सोडावेत. एकाच मादीची पिल्ले थंडीत गडद आणि उन्हाळ्यात फिकट निघू शकतात. मोठ्या अंड्यात वाढलेली माशी मोठी होते, लहान अंड्यातली खुरटी राहते. भरवसा ठेवायचा तो सांध्यांवर, शिरांवर आणि पेरांवर.

पहिला प्रश्न पुढच्या पंखाला विचारायचा. पंखात शिरांचे जाळे आहे, पुढच्या कडेवर गडद ठिपका आहे आणि शृंगिका लांब, अनेक पेरांच्या आहेत, तर माशी इक्न्युमोनिड किंवा ब्रॅकोनिड. या दोन कुळांतला भेद पंखाच्या मधोमध असलेल्या एका आडव्या शिरेवर बराचसा ठरतो : इक्न्युमोनिडांत ती दुसरी आडवी शीर असते, ब्रॅकोनिडांत बहुधा नसते. पंखात जाळे नसून पुढच्या कडेने धावणारी एकच शीर असेल आणि तिला आत वळलेला एक आखूड फाटा असेल, तर आपण चाल्सिडांच्या किंवा त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या स्केलिओनिडांच्या दारात आहोत.

इथे दुसरा प्रश्न येतो आणि तो खांद्यापाशी विचारायचा. चाल्सिडांत वक्षाचा पहिला खंड पंखाच्या मुळाशी असलेल्या छोट्या खवल्यापर्यंत पोचत नाही. दोहोंच्या मध्ये एक वेगळी, बहुधा त्रिकोणी पट्टी दिसते. स्केलिओनिडांत तो खंड थेट खवल्याला जाऊन टेकतो. शिवाय त्यांच्या शृंगिका चेहऱ्यावर फार खाली, जवळजवळ तोंडाच्या वर रोवलेल्या असतात आणि अंगाला चाल्सिडांसारखी हिरवी-निळी धातूची झाक सहसा नसते.

तिसरा प्रश्न पावलांचा. ट्रायकोग्रॅमॅटिडी कुळात पावलाला तीनच पेरे असतात, आणि त्यातल्या अनेकांच्या पंखांवर बारीक केसांच्या ओळी असतात. युलोफिडी कुळात पेरे चार. इतर बहुतेक कुळांत पाच, पण अपवाद इतके की नुसत्या मोजणीवर निकाल देऊ नये. म्हणून पुढे जाऊन इतर खुणा पाहायच्या. एन्सर्टिडी कुळात वक्षाची बाजू एकसंध फुगीर असते आणि मधल्या पायाला मोठा काटा असतो. या माश्या टुणकन उडी मारतात ती त्याच रचनेच्या बळावर. मायमॅरिडी कुळात शृंगिकांची मुळे एकमेकींपासून दूर असतात, डोक्यावर रेषांची ठरावीक मांडणी दिसते आणि मागचा पंख देठासारख्या बारीक बुंध्यावर उभा असतो. चाल्सिडिडींची मागची मांडी जाडजूड आणि दातेरी. ल्युकोस्पिडींमध्ये पंख उभे घडी घातलेले आणि अंडनिक्षेपक पाठीवर वळवून ठेवलेला. एकेक खूण स्वतंत्रपणे चुकवू शकते, तीन-चार खुणा एकत्र मिळाल्या की चूक क्वचित होते.

हे सगळे दिसण्यासाठी माशी नीट मांडावी लागते. मोठ्या जाती त्रिकोणी कार्डाच्या टोकावर चिकटवता येतात. अर्ध्या मिलिमीटरच्या माशीला मात्र आधी पोटॅशच्या सौम्य द्रावणात पारदर्शक करावे लागते. मग बारीक सुयांनी पंख, शृंगिका, डोके आणि पाय सुटे करून कॅनडा बाल्सममध्ये वेगवेगळ्या काचांखाली ठेवायचे. हात स्थिर व्हायला वेळ लागतो. पण काचपट्टीवर पंख सपाट बसला आणि केसांच्या ओळी स्पष्ट झाल्या की कुळाचे नाव बरेचदा लगेच सुचते.

या ज्ञानाची वाट सरळ नव्हती. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडचे हॅलिडे, इंग्लंडचे फ्रान्सिस वॉकर, जर्मनीचे फॉर्स्टर यांनी पायाभरणी केली. वॉकर यांनी हजारो कीटकांना नावे दिली, पण त्यांची वर्णने इतकी त्रोटक की पुढच्या पिढ्यांना मूळ नमुने पुन्हा उघडून पाहावे लागले. त्याहून विलक्षण माणूस म्हणजे आर्सेन जिरॉल्ट. हे अमेरिकन गृहस्थ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये गेले आणि तिथल्या तीन हजारांवर जातींची वर्णने त्यांनी लिहिली. संपादकांशी पटेना, तेव्हा पदरमोड करून पत्रके छापली. त्यांत शास्त्रीय वर्णनांबरोबर सहकाऱ्यांवरची टीकाही असे. एका माशीचे नाव त्यांनी गोएथेआना शेक्सपिअरी ठेवले, दुसरीचे मोझार्टेला बिथोवेनी. पैसे वाचवण्यासाठी एकाच काचेखाली अनेक जाती कोंबल्या. १९४१ मध्ये ते गेले आणि तो पसारा उलगडायला इतरांना कित्येक दशके लागली. झेडनेक बौचेक यांचा १९८८चा ऑस्ट्रेलेशियन चाल्सिडांवरचा ग्रंथ हे त्या निस्तरणीतले मोठे काम. युरोपात मार्कस ग्रॅहॅम यांनी १९६९ मध्ये टेरोमॅलिडींवर जो ग्रंथ लिहिला, त्याने बारकाईच्या वर्णनाचा मापदंड घालून दिला.

याच्या जोडीने दुसरी परंपरा वाढली, ती बागायतदारांच्या गरजेतून. कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांवरच्या लाल खवले किडीने धुमाकूळ घातला होता. तिच्यावर जगणाऱ्या अॅफायटिसच्या जाती पूर्वेकडच्या देशांत दिसत होत्या. पण त्या आपल्याकडे आधीपासून असलेल्या जातीच्याच आहेत, असे समजून वर्षानुवर्षे कोणी त्या आणल्या नाहीत. बारीक फरक ओळखल्यावर आणि संकराचे प्रयोग झाल्यावर त्या वेगळ्या जाती ठरल्या. १९५०च्या दशकात भारत-पाकिस्तानातून नेलेल्या माशीचे पॉल डीबॅक यांनी १९५९ मध्ये अॅफायटिस मेलिनस म्हणून वर्णन केले आणि पुढे तीच कॅलिफोर्नियातल्या बागांतली मुख्य मित्रकीटक ठरली. नावातल्या चुकीने बागायतदारांचे किती नुकसान होते, हे या शाखेने जगाला दाखवून दिले.

भारतातही दोन्ही परंपरा रुजल्या. एम. एस. मणी यांनी १९३८ मध्ये भारतीय चाल्सिडांची सूची केली आणि अर्धशतकानंतर, १९८९ मध्ये, भारतीय प्राणिसर्वेक्षणासाठी त्यांवरचे खंड लिहिले. अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी अॅफेलिनिडी आणि एन्सर्टिडी कुळे हाती घेतली, कालिकतच्या टी. सी. नरेंद्रन यांनी चाल्सिडिडी. मराठवाडा विद्यापीठात पी. के. निकम यांनी इक्न्युमोनिडांवर दीर्घकाळ काम केले. आणि बंगळुरूच्या राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेतल्या एच. नागराज आणि सुधा नागरकट्टी या जोडीने ट्रायकोग्रामाचा प्रश्न सोडवायला जगाला हत्यार दिले. तोवर या माश्या बव्हंशी रंगावरून ओळखल्या जात आणि जगभर चुकीच्या नावांनी सोडल्या जात. नराच्या जननेंद्रियाची रचना जातीगणिक वेगळी आणि स्थिर असते, हे १९६८ ते १९७१ या काळात या दोघांनी दाखवले. भारतात वर्षानुवर्षे ऑस्ट्रॅलिकम या नावाने वाढवली जाणारी माशी शेवटी किलोनिस ठरली, ती या प्रकारच्या पडताळणीमुळे.

मग ही किल्लीही काही ठिकाणी लागेना. वोल्बॅकिया नावाचा जिवाणू अंगात असला की ट्रायकोग्रामाच्या काही वसाहतींत फक्त माद्याच जन्मतात. नरच नसेल तर नराचा अवयव कुठून पाहणार? अशा वेळी डीएनए कामी येतो. डीएनएने आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. शरीर लहान होत गेले की शिरा गळतात, पेरे जुळतात, खंड एकजीव होतात. नात्यात नसलेल्या माश्याही अशा रीतीने एकमेकींसारख्या दिसू लागतात. ज्यांना कुठेच बसवता येत नव्हते त्या सगळ्या टेरोमॅलिडी या कुळात ढकलल्या गेल्या होत्या आणि ते कुळ अडगळीची खोली झाले होते. २०२२ मध्ये रॉजर बर्क्स आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय चमूने ती खोली आवरली आणि चाल्सिडॉइडियातल्या कुळांची संख्या ५० वर नेली. डीएनएचा आधार होता, पण प्रत्येक नव्या कुळाची व्याख्या करताना त्यांनाही शरीरावरच्या खुणाच लिहाव्या लागल्या. शेतात आणि संग्रहालयात माणूस शेवटी खुणाच पाहतो.

हे सगळे आत्ताच मराठीत का आणायचे? कारण गेल्या दोन-अडीच दशकांत आपल्या पिकांवर ज्या नव्या किडी आल्या, त्यांपैकी अनेकींचा निकाल याच माश्यांनी लावला किंवा लावायला मदत केली. २००२ मध्ये सांगलीच्या उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा आसामातून आणलेली एन्कार्सिया फ्लॅवोस्क्युटेलम ही एक मदतनीस होती. २००८ मध्ये कोइम्बतूरला दिसलेला पपईवरचा पिठ्या ढेकूण महाराष्ट्रातल्या बागांतही पोचला. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून आणलेल्या अॅसेरोफॅगस पपाये या एन्सर्टिड माशीने त्याला आवर घातला.

कापसाची गोष्ट तर या विषयाचा सारांशच आहे. कापसावरच्या पिठ्या ढेकणातून बाहेर पडणाऱ्या एका माशीला हयात यांनी २००९ मध्ये नवी जात म्हणून नाव दिले, एनॅशिअस बांबावालेई. राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक ओ. एम. बांबावाले यांच्या सन्मानार्थ ते नाव होते. पुढे २०१४ मध्ये नमुने ताडून पाहिल्यावर ही जात आणि जिरॉल्ट यांनी अॅरिझोनातून फार पूर्वी नोंदवलेली जात एकच निघाली. ढेकूणही अमेरिकेचा, माशीही तिकडचीच. कोणी मुद्दाम न आणता ती त्याच्या मागोमाग इथवर आली होती, हे त्या जुळणीमुळे कळले. याच ढेकणाच्या वाळलेल्या अंगातून प्रोमुसिडिया नावाची आणखी एक माशी निघते. ती एनॅशिअसवरच जगते, म्हणजे आपल्या मित्राची वैरीण. दोन्ही बाटलीत एकत्र वाढवल्या आणि कोण कोण ते पाहिले नाही, तर शेतात मित्राबरोबर त्याची वैरीणही सोडली जाते.

एका कुळात सगळे मित्रच असतात असेही नाही. युलोफिडी कुळातल्या कित्येक जाती पाने पोखरणाऱ्या अळ्यांना मारतात, आणि त्याच कुळातल्या लेप्टोसायबी इन्वासाने निलगिरीवर, क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनेने पांगाऱ्यावर गाठी आणून झाडे बेजार केली आहेत. मक्यावरची नवी लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि लगेच आपल्याकडे आली. तिची अंडी थरांवर थर रचलेली आणि खवल्यांनी झाकलेली असतात. टेलेनोमस रेमस ही स्केलिओनिड माशी खालच्या थरांपर्यंत पोचते, ट्रायकोग्रामाला ते सहसा जमत नाही. दोन्ही इवल्याशा, दोन्ही अंड्यांतून निघतात. पण पावलाची पेरे मोजणाऱ्याला त्यांतली कोण कोण हे क्षणात कळते.

प्रस्तुत पुस्तक जातीपर्यंत नेण्याचा दावा करत नाही. ते काम तज्ज्ञाचे आणि बऱ्याचदा डीएनएचे. कुळापर्यंत खात्रीने, आणि शेतीत नेहमी भेटणाऱ्या काही गटांत प्रजातीपर्यंत (म्हणजे जीनसपर्यंत) जाणे, एवढी त्याची मर्यादा. त्यातले ओळखतक्ते प्रत्येक पायरीला दोनच पर्याय देतात, आणि प्रत्येक पर्यायाशेजारी त्या अवयवाचे रेखाचित्र आहे. छायाचित्रांपेक्षा रेखाचित्रांवर भर मुद्दाम दिला आहे. छायाचित्र एका माशीचे असते, रेखाचित्रात त्या कुळाची खूण तेवढी ठळक करता येते. शास्त्रीय नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कुळांची मांडणी २०२२च्या पुनर्रचनेनुसार असली तरी जुन्या पुस्तकांत ती कुळे कुठल्या नावाखाली सापडतील, हेही सांगितले आहे. जुन्या कागदांशी संबंध तोडून या विषयात पुढे जाता येत नाही.

पुस्तक कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, ट्रायकोकार्ड बनवणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आहे, आणि भिंगातून पाहण्याची हौस असलेल्या शाळामास्तरांसाठीही आहे. साधनांची अडचण समजू नये. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक साधा सूक्ष्मदर्शक, साबणाचे पाणी भरलेली पिवळी ताटली आणि चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. पिवळ्या रंगाकडे या माश्या ओढल्या जातात, म्हणून शेताच्या बांधावर ठेवलेल्या एका ताटलीत सकाळी अनेक कुळांच्या माश्या मिळू शकतात.

वाचकांना एकच विनंती आहे. किडलेली फांदी, काळी पडलेली अंडी, गाठी आलेले पान झाकण लावलेल्या बाटलीत ठेवून पाहा. बाहेर आलेल्या माश्या अल्कोहोलमध्ये घाला आणि आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका : गाव, तारीख, झाडाचे नाव, किडीचे नाव. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते. माशीचे नाव आज ना उद्या कोणीतरी सांगेल, पण ती कुठून, केव्हा आणि कशातून निघाली हे तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाच्या कामाचा नाही.